जितके वाद तितके वर्ग: हौशी आउटबोर्ड शर्यतींच्या इंजिन-नियमांविषयी

हौशी आउटबोर्ड बोटींच्या शर्यतींमध्ये इंजिनावरून वाद झाला की त्यावर एक ठरलेला तोडगा निघतो: आणखी एक वर्ग काढायचा. जुने इंजिन चालवणाऱ्यांना नवे इंजिन आपल्यापेक्षा वरचढ वाटते, नवे इंजिन घेतलेल्यांना जुन्याला दिलेली सूट अन्यायाची वाटते, वार्षिक सभेत दोन्ही बाजूंचे म्हणणे आपापल्या जागी खरे असते आणि कोणालाच दुखवायचे नसल्यामुळे सभा दोघांना स्वतंत्र शर्यत देऊन उठते. पुढच्या मोसमात मात्र जिथे आठ बोटी एकत्र सुटायच्या तिथे पाच बोटींची एक आणि तीन बोटींची दुसरी अशा दोन शर्यती होतात. तीन बोटींच्या शर्यतीत तिसरे येण्यासाठी कोणी शनिवार-रविवार खर्चून, बोट गाडीमागे ओढत दूरवर येत नाही. एखाद-दोन मोसम तो येतो आणि मग थांबतो. माझे म्हणणे असे आहे की वर्गांची ही वाढ इंजिनाचे नियम चुकीच्या पद्धतीने लिहिल्यामुळे होते. नियम निर्मात्याच्या नावावर न लिहिता मोजता येणाऱ्या मापांवर लिहिले आणि दोन इंजिनांमधला समतोल साधण्याचे काम इंजिनात जाणाऱ्या हवेच्या वाटेवर बसवलेल्या, ठरावीक भोकाच्या चकतीकडे व किमान वजनाकडे सोपवले, तर बरेच वर्ग एकमेकांत सामावून घेता येतील आणि त्यात कोणाचेही इंजिन अडगळीत जाणार नाही.

ज्यांनी ही शर्यत पाहिलेली नाही त्यांच्यासाठी तिची रचना आधी सांगितली पाहिजे. इंजिन बोटीच्या मागच्या फळीवर, म्हणजे ट्रान्समवर, बाहेरून टांगलेले असते आणि चालक बोटीत गुडघे टेकून, पुढे झुकून बसतो. बोटींचे मुख्य प्रकार दोन. हायड्रोप्लेनच्या पुढच्या भागात दोन्ही बाजूंना स्पॉन्सन, म्हणजे बाहेर काढलेले तरंगते भाग, असतात आणि वेग आल्यावर ती या दोन टोकांवर आणि मागे प्रोपेलरच्या आधारावर, जवळजवळ पाण्याबाहेर तरंगत धावते. रनअबाउट साध्या तळाची असते, लाटेवर उडत जाते, आणि वळणावर तिला आवरण्यासाठी चालकाला स्वतःचे अंग आत झोकून द्यावे लागते. एकच इंजिन दोन्ही प्रकारांवर बसते, त्यामुळे इंजिनाचा एक नवा वर्ग काढला की व्यवहारात शर्यती दोन वाढतात. अमेरिकन पॉवर बोट असोसिएशन ही 1903 मध्ये स्थापन झालेली संस्था स्टॉक, मॉडिफाइड, प्रो, आउटबोर्ड परफॉर्मन्स क्राफ्ट आणि ज्युनियर असे आउटबोर्डचे वेगवेगळे विभाग चालवते. या विभागांत आणखी वर्ग आहेत आणि त्यांतल्या अनेकांची हायड्रोप्लेन व रनअबाउट अशी पुन्हा वाटणी होते. हा सगळा व्याप सांभाळणारे लोक पगारी नसतात. घड्याळ लावणारे, बचावबोट चालवणारे आणि शर्यतीनंतर इंजिन तपासणारे, सगळे स्वयंसेवक असतात, आणि दिवसाचा उजेड सर्वांना सारखाच मिळतो. वर्ग वाढले की प्रत्येक वर्गाच्या वाट्याला कमी फेऱ्या येतात.

वर्ग पाडण्याची सर्वांत जुनी कसोटी घनफळाची आहे आणि ती अजूनही सर्वांत चांगली आहे. अमेरिकेत ए, बी, सी, डी ही अक्षरे मुळात ढोबळमानाने 15, 20, 30 आणि 40 घनइंचांच्या मर्यादा दाखवत होती. सीसीमध्ये त्या साधारण 250, 330, 490 आणि 655 होतात. 1922 मध्ये स्थापन झालेल्या युनियन इंटरनॅशनल मोटोनॉटिक या जागतिक संस्थेने तर वर्गांची नावेच ओ-125, ओ-175, ओ-250, ओ-350, ओ-500 अशी घनफळावर ठेवली. सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव ही दोन मापे घेतली की घनफळ निघते. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही आणि त्या आकड्यावर हुज्जत घालता येत नाही. अश्वशक्तीचे तसे नाही. दुसरे महायुद्ध संपल्यावर कार्ल कीकहेफर यांच्या मर्क्युरी कंपनीने 20 घनइंचांच्या आतले, दोन सिलिंडरचे 'लाइटनिंग' हे इंजिन 10 अश्वशक्तीचे म्हणून बाजारात आणले. झाकणावर लिहिलेल्या त्या दहाच्या आकड्यापेक्षा प्रत्यक्ष शक्ती कितीतरी अधिक होती, हे शर्यतीतल्या लोकांना फार लवकर कळले. निर्माता झाकणावर जो आकडा छापतो तो त्याच्या विक्रीच्या सोयीचा असतो. त्या आकड्यावर वर्ग बांधणे म्हणजे नियमावलीची किल्ली कारखान्याच्या विक्री विभागाकडे देणे होय, आणि तरीही आजसुद्धा काही ठिकाणी वर्ग अश्वशक्तीवर बांधले जातात याचे मला आश्चर्य वाटते.

मात्र नुसते घनफळ पुरत नाही, हेही तितकेच खरे आहे. टू-स्ट्रोक, म्हणजे क्रँकच्या दर फेऱ्याला एकदा पेट घेणाऱ्या, इंजिनात कॅमशाफ्टने उघडणाऱ्या झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीतली भोके, म्हणजे पोर्ट, पिस्टन वर-खाली होताना उघडतात आणि मिटतात. सुमारे 50 मिलिमीटर धाव असलेल्या इंजिनात एक्झॉस्ट पोर्टची वरची कड एकच मिलिमीटर वर घासली, तर ते पोर्ट क्रँकच्या दोन-अडीच अंश आधी उघडते आणि तितकेच उशिरा मिटते. त्यामुळे इंजिन जास्त वेगाने फिरत असताना त्याची ताकद वाढते. त्यात जुळवलेल्या आकाराचा एक्झॉस्ट जोडला आणि पेट्रोलऐवजी मिथेनॉल वापरले, तर त्याच घनफळातून मूळ इंजिनाची ओळखही राहणार नाही इतकी शक्ती निघते. बर्लिनच्या डिटर कोनिग यांची इंजिने याच वाटेने मोठी झाली आणि 1960 च्या दशकात मिथेनॉलवर चालणाऱ्या वर्गांत त्यांनी दरारा निर्माण केला. त्यांचे चार सिलिंडरचे इंजिन मोटरसायकलींच्या जागतिक शर्यतींपर्यंतही जाऊन पोहोचले. ज्यांना इंजिन घडवण्यातच आनंद आहे त्यांच्यासाठी असा मोकळा वर्ग हवाच, आणि तो एक असला तरी पुरतो. पण नोकरी सांभाळून, रविवारी बोट पाण्यात उतरवणाऱ्या माणसासाठी तीच मोकळीक खेळाचे दार बंद करते.

हे का होते ते साध्या हिशोबाने दाखवता येईल. पाण्यावर धावणाऱ्या बोटीला लागणारी शक्ती वेगाच्या साधारण दुसऱ्या ते तिसऱ्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणजे दहा टक्के जास्त शक्तीने वेग सुमारे तीन ते पाच टक्के वाढतो. आकडा लहान दिसतो, पण पाच किलोमीटरच्या शर्यतीत त्याचा अर्थ दीडशे ते अडीचशे मीटरांची आघाडी असा होतो. इतक्या अंतराने मागे पडलेल्या चालकाला चांगली सुरुवात, बॉयजवळून, म्हणजे वळणाची खूण म्हणून पाण्यात तरंगत ठेवलेल्या पिंपाजवळून, काढलेले नेमके वळण किंवा पुढच्या बोटीच्या फेसाळ पाण्यातून काढलेली वाट यांपैकी काहीही वाचवू शकत नाही. ही दहा टक्के शक्ती कौशल्याने मिळत नाही, पैशाने मिळते. म्हणून इंजिन-नियमाचे काम माझ्या दृष्टीने नेमके एवढेच आहे की पैसा ओतून मिळणारी आघाडी चालकाच्या चुकीने हरवता येईल इतकी लहान ठेवावी. ती शून्य करता येत नाही आणि शून्य करण्याच्या हट्टापायी नियमावली जाडजूड होत जाते.

स्टॉक वर्गाची कल्पना याच गरजेतून आली: कारखान्यातून जसे इंजिन आले तसेच चालवायचे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत ही कल्पना फार वेगाने पसरली, कारण दुकानात मिळणाऱ्या इंजिनावर शर्यतीचा गिअरकेस (प्रोपेलर फिरवणारा खालचा दातेरी चाकांचा भाग) चढवून सामान्य माणूस सुरुवातीच्या रेषेवर उभा राहू शकत होता. या कल्पनेने खेळाला जे दिले ते नाकारणे अन्याय ठरेल. परंतु नियम कसा लिहिला गेला ते पाहा. 'अमुक निर्मात्याचे तमुक मॉडेल, मूळ सुट्या भागांसह' असे शब्द आले की इंजिनाची व्याख्या कारखान्याच्या भाग-क्रमांकावर टांगली जाते, आणि कारखाना काही शर्यतीसाठी चालत नसतो. तो ते मॉडेल बंद करतो, मग भाग बनवणे बंद करतो आणि एक दिवस स्वतःच बंद होतो. जॉन्सन आणि एव्हिनरूड ही आउटबोर्ड इंजिनांची दोन्ही नावे ज्या आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशनकडे होती तिने डिसेंबर 2000 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. पुढे ही नावे बॉम्बार्डियरकडे गेली आणि 2020 मध्ये एव्हिनरूड इंजिनांचे उत्पादनही थांबले. ज्यांच्या वर्गाची व्याख्या अशा एखाद्या मॉडेलच्या नावावर उभी होती त्यांच्यापुढे प्रश्न आला की मूळ पिस्टन मिळत नाही, दुसऱ्याने बनवलेला चालेल का? चालला तर कनेक्टिंग रॉड? तो चालला तर क्रँकशाफ्ट, आणि शेवटी सबंध ब्लॉक? प्रत्येक भागासाठी समितीत मतदान, प्रत्येक मतदानात दोन तट, आणि ज्या बाजूचा पराभव होतो तिच्यासाठी, अर्थातच, नवा वर्ग.

या साखळीतून सुटण्याचा मार्ग भाग-क्रमांकाऐवजी मापे लिहिण्याचा आहे. सिलिंडरचा कमाल व्यास, पिस्टनची धाव, प्रत्येक पोर्टची वरच्या कडेपासूनची उंची व रुंदी, कार्बोरेटरच्या घशाचा कमाल व्यास, ज्वलनकक्षाचे किमान घनफळ, पिस्टनचे व रॉडचे किमान वजन, गिअरचे गुणोत्तर आणि एक्झॉस्टच्या नळीची लांबी व आकार, एवढे लिहिले की त्या मापांत बसणारा भाग कोणी बनवला याच्याशी नियमाला काही देणेघेणे राहत नाही. एखादा कसबी लेथवाला पन्नास पिस्टन करून देऊ शकेल आणि चाळीस वर्षांचा ब्लॉक पुन्हा पाण्यावर येईल. सिलिंडर मोठा करून घेण्याबाबतही असेच धोरण हवे. झिजलेला सिलिंडर घासून जाडा पिस्टन घालणे ही कोणत्याही इंजिनाची नेहमीची दुरुस्ती आहे. 54 मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरला अर्धा मिलिमीटर वाढ दिली तर घनफळ दोन टक्क्यांच्या आतच वाढते आणि वर सांगितलेल्या हिशोबाने वेगातला फरक एक टक्क्याहूनही कमी पडतो. इतक्या किरकोळ फायद्याच्या धास्तीने अख्खा ब्लॉक भंगारात घालायला लावणारा नियम हौशी खेळाला परवडत नाही.

मापांच्या नियमाला एक अट मात्र मी घालीन, आणि ती या लेखातली सर्वांत महत्त्वाची अट आहे. जे पिटमध्ये, म्हणजे काठावरच्या बोटी दुरुस्त करण्याच्या जागेत, ओल्या हातांनी, अर्ध्या तासात, एका स्वयंसेवकाला मोजता येत नाही ते नियमावलीत लिहूच नये. पोर्टची उंची गेजने कळते. कार्बोरेटरच्या घशाचा व्यास घुसणाऱ्या आणि न घुसणाऱ्या अशा दोन खुंट्यांच्या गेजने कळतो. एक खुंटी जायला हवी, दुसरी जायला नको, यात मताला जागा नाही. ज्वलनकक्षाचे घनफळ स्पार्क प्लगच्या भोकातून ब्युरेटने (खुणा केलेल्या काचेच्या नळीने) तेल सोडून मोजता येते. इंधनात काही मिसळले आहे का हे विद्युत्-गुणधर्म मोजणाऱ्या छोट्या मीटरवर प्राथमिक पातळीवर दिसते. याउलट 'धातूचा पृष्ठभाग मूळ ओतकामाप्रमाणे असावा' किंवा 'शक्ती वाढवण्याच्या हेतूने केलेला बदल चालणार नाही' अशी वाक्ये वाचायला उदात्त वाटतात, पण ती निरीक्षकाला न्यायाधीश बनवतात. चाळीस वर्षांपूर्वीच्या ओतकामाचा मूळ पृष्ठभाग कसा होता हे आज कोण छातीठोकपणे सांगणार? जिंकलेल्या चालकाला अशा वाक्याच्या आधारे बाद केले की त्याच्या मनातला संशय निरीक्षकाकडे वळतो, आणि छोट्या क्लबात एकदा असा संशय शिरला की तो वर्षानुवर्षे निघत नाही.

यावर उपाय म्हणून अलीकडे सीलबंद इंजिनाची शिफारस केली जाते. कार्टिंगमध्ये, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतींत, ती रुजली आहे: कारखान्यात इंजिन बंद करून त्यावर सील लावायचे, ते सील फक्त अधिकृत केंद्राने उघडायचे आणि पिटमध्ये निरीक्षकाने फक्त सील पाहायचे. डांबरावर हे चांगले चालते. पाण्यावर अडचण वेगळी आहे. हायड्रोप्लेन वळणावर किंवा वाऱ्याच्या झोताने उलटते तेव्हा इंजिन चालू अवस्थेत पाण्याखाली जाते. लगेच प्लग काढून, पाणी बाहेर फेकून, आत तेल सोडून ते पुन्हा फिरवले नाही तर बेअरिंगवर गंज धरतो, आणि सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले न गेल्याने रॉड वाकला असेल तर ब्लॉक उघडल्यावाचून गत्यंतर नसते. हे काम चालकाने स्वतः, त्याच दिवशी करायचे असते. अधिकृत केंद्राकडे पाठवून आठवडाभर वाट पाहणारे इंजिन तोवर आतून खराब झालेले असते. शिवाय आपले इंजिन आपल्याला उघडता येणे हा या खेळातल्या अर्ध्या लोकांचा आनंद आहे. सील फक्त कार्बोरेटर आणि हवेच्या वाटेपुरते ठेवायला माझी हरकत नाही. पूर्ण इंजिन सील करणे मात्र या खेळाच्या स्वभावाला धरून नाही. शर्यत संपल्यावर प्रतिस्पर्ध्याने ठरलेल्या किमतीला विजेत्याचे इंजिन विकत मागण्याची जी तरतूद काही खेळांत आहे, ती तर हौशी क्लबात शेजाऱ्या-शेजाऱ्यांत वैर लावील, म्हणून तिचा विचारच करू नये.

समान इंजिनाचा विचार टोकापर्यंत नेलेला पाहायचा असेल तर जपानच्या क्योतेईकडे पाहावे. एप्रिल 1952 मध्ये नागासाकी प्रांतातल्या ओमुरा येथे सुरू झालेली ही व्यावसायिक शर्यत आज चोवीस ठिकाणी होते. सहा बोटी, सहाशे मीटरची फेरी, तीन फेऱ्या. इंजिने चालकांची नसतात. ती शर्यतीच्या ठिकाणाच्या मालकीची असतात आणि प्रत्येक स्पर्धेच्या आधी चिठ्ठ्या टाकून वाटली जातात. सगळी इंजिने एकाच निर्मात्याची, यामातोची, दोन सिलिंडरची आणि सुमारे 400 सीसीची. इतके करूनही इंजिनांमध्ये फरक राहतोच आणि कोणत्या क्रमांकाचे इंजिन या वर्षी चांगले धावते आहे याचा हिशोब प्रेक्षक बारकाईने ठेवतात. आणखी एक गोष्ट त्याहून बोलकी आहे. इंजिन समान असले तरी तिथे चालक स्वतःचे प्रोपेलर बाळगत असत आणि हातोडीने ठोकून त्यांची पाती हव्या त्या वळणाची करत असत. त्यामुळे शर्यतीची चढाओढ इंजिनाकडून प्रोपेलरकडे सरकली. अखेर 2012 मध्ये प्रोपेलरही इंजिनाबरोबरच शर्यतीच्या ठिकाणाकडून देण्याची पद्धत आली.

क्योतेईची व्यवस्था जशीच्या तशी हौशी खेळात आणता येणार नाही. तिथला खर्च पैजांच्या उत्पन्नातून भागतो, इथे इंजिन चालकाच्या खिशातून येते. तरीही दोन गोष्टी तिथून घ्याव्यात. पहिली म्हणजे कायम बनत राहणाऱ्या इंजिनाचे मोल. यामातोची इंजिने अमेरिकेतल्या स्टॉक शर्यतींत आणि जागतिक संस्थेच्या ओएसवाय-400 वर्गात पोहोचली ती सर्वांत वेगवान होती म्हणून नव्हे, तर ती मिळत होती, त्यांचे भाग मिळत होते आणि एकसारखी होती म्हणून. दुसरी गोष्ट प्रोपेलरची. नियमाने एक वाट बंद केली की पैसा शेजारच्या वाटेने शिरतो, आणि आउटबोर्डमध्ये ती शेजारची वाट जवळजवळ नेहमी प्रोपेलर असते. इंजिनाचे प्रत्येक माप बांधून ठेवायचे आणि प्रोपेलर पूर्ण मोकळे सोडायचे, हा अनेक नियमावल्यांतला विरोधाभास आहे. निदान नवशिक्यांच्या आणि मुलांच्या वर्गांत ठरावीक यादीतलीच प्रोपेलर चालतील असे म्हणण्यात कोणाचे फारसे नुकसान नाही. अनुभवी लोकांच्या वर्गात ते मोकळे राहावे, कारण पाती ठोकण्याचे कसब पैशापेक्षा सरावाने येते.

आता वर्ग एकत्र आणण्याच्या मुद्द्याकडे येतो. यावर सर्वांत प्रामाणिक आक्षेप असा आहे की माणसे शर्यतीला जितकी येतात तितकीच आपल्या इंजिनाला धरून येतात. वडिलांनी चालवलेले इंजिन मुलगा चालवतो, त्याच्या प्रत्येक आवाजाचा अर्थ त्याला कळतो. त्याचा वर्ग बंद केला तर तो दुसरे इंजिन घेणार नाही, घरी बसेल. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच माझी सूचना कोणाचेही इंजिन बाद करण्याची नाही. जवळच्या घनफळाची दोन-तीन इंजिने एकाच शर्यतीत सोडावीत आणि त्यांतल्या वेगवान इंजिनाच्या कार्बोरेटरमागे ठरावीक भोकाची चकती बसवावी. चकतीचे भोक अर्ध्या मिलिमीटरने कमी-जास्त केले की जास्त वेगाने फिरताना इंजिनाला मिळणारी हवा बदलते, आणि तपासायला पुन्हा तीच दोन खुंट्यांची गेज पुरते. मुलांच्या वर्गात हे वर्षानुवर्षे चालत आले आहे: अमेरिकेत नऊ वर्षांपासूनची मुले ज्युनियर वर्गात चकतीने आवरलेल्या इंजिनावर धावतात. तेच मूल मोठे झाल्यावर मोठ्या भोकाची चकती लावून आणि शेवटी चकती काढून तेच इंजिन पुढच्या वर्गात नेऊ शकले, तर पालकांना दर दोन-तीन वर्षांनी नवे इंजिन घ्यावे लागत नाही. जी युक्ती दहा वर्षांच्या मुलाला सुरक्षित ठेवण्यासाठी विश्वासार्ह मानली जाते ती चाळीस वर्षांच्या दोन प्रौढांमध्ये न्याय करण्यासाठी अपुरी का मानावी, याचे उत्तर मला कोणाकडून मिळालेले नाही.

चकतीचे भोक कोणी आणि केव्हा ठरवायचे, यावर सगळा विश्वास अवलंबून राहील. मोसमाच्या मध्यावर कोणतेही माप बदलू नये. सगळ्या क्लबांच्या फेऱ्यांच्या वेळा वर्षभर जमवाव्यात, प्रत्येक इंजिनाच्या पहिल्या तीन-चार चालकांच्या वेळांची सरासरी काढावी आणि मोसम संपल्यावर एकदाच, एकाच पायरीने बदल करावा. एखादा असामान्य चालक जुन्या इंजिनावर सतत जिंकतो म्हणून ते इंजिन आवळणे हा त्या चालकावर अन्याय होईल, म्हणून एकाच माणसाच्या वेळांवर निर्णय होऊ नये. आणि ज्या वर्गात सलग तीन मोसम सरासरी सहापेक्षा कमी बोटी सुटल्या तो वर्ग शेजारच्या वर्गाबरोबर एकाच शर्यतीत धावावा, गुण हवे तर वेगळे मोजावेत. एकच चालक एका दिवसात तीन वर्गांत धावतो आणि त्यामुळे प्रत्येक वर्ग भरलेला दिसतो, हे लक्षात घेऊन ही मोजणी बोटींबरोबर वेगवेगळ्या चालकांचीही करावी.

वजनाबाबत नियमावल्या बहुधा कंजूषपणा करतात. लहान वर्गांच्या हायड्रोप्लेन इतक्या हलक्या असतात की चालकाचे शरीर हाच सबंध वजनाचा मोठा हिस्सा ठरतो; 55 किलोचा आणि 95 किलोचा चालक यांच्यातला चाळीस किलोंचा फरक कोणत्याही पोर्टच्या घासकामापेक्षा मोठा असतो. बोट, इंजिन, चालक आणि त्याचे सुरक्षा-साहित्य यांचे एकत्रित किमान वजन शर्यत संपल्यावर काट्यावर घेण्याची पद्धत आहेच. मुद्दा त्या किमान आकड्याचा आहे. तो हलक्या चालकाच्या सोयीने ठेवला की जाड चालक पहिल्या दिवसापासून हरलेला असतो आणि वजन वाचवण्यासाठी बोटीच्या फळ्या पातळ करण्याचा मोह होतो, जो उलटलेल्या बोटीत जिवावर बेतू शकतो. आकडा साधारण धडधाकट प्रौढ, मजबूत बांधलेली बोट आणि पूर्ण साहित्य यांच्या बेरजेवर ठेवावा. हलक्या चालकाने शिशाच्या पट्ट्या घट्ट बोल्ट करून बसवाव्यात. यासाठी नवा वर्ग लागत नाही, नवे इंजिनही लागत नाही.

हे सगळे आज का निकडीचे आहे, त्याचे कारण टू-स्ट्रोक इंजिनांचा सरत आलेला साठा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 1996 मध्ये आउटबोर्ड इंजिनांच्या धुरासाठी नियम केले आणि ते 1998 ते 2006 या काळात टप्प्याटप्प्याने लागू झाले. केवळ शर्यतीसाठी वापरल्या जाणाऱ्या इंजिनांना सूट मिळू शकते, हे खरे. पण शर्यतीची बहुतेक इंजिने दुकानात विकल्या जाणाऱ्या इंजिनांचीच भावंडे होती, आणि कार्बोरेटरचे टू-स्ट्रोक दुकानातून गेले तसा कच्चा मालही गेला. मोठ्या वर्गांनी वाट बदलली आहे: जागतिक संस्थेच्या फॉर्म्युला-4 वर्गात 60 अश्वशक्तीची, एक लिटरच्या आसपासची चार सिलिंडरची फोर-स्ट्रोक इंजिने धावतात. लहान हायड्रोप्लेनला ही वाट सहज धरता येणार नाही, कारण त्याच शक्तीचे फोर-स्ट्रोक इंजिन झडपा, कॅमशाफ्ट आणि तेलाच्या साठ्यामुळे जड होते आणि ते सगळे जास्तीचे वजन ट्रान्समवर, बोटीच्या अगदी टोकाला येते. बोटीचा तोल तिथेच बिघडतो.

म्हणून संक्रमण होणारच असेल तर ते वेगळ्या 'फोर-स्ट्रोक वर्गा'च्या रूपाने होऊ नये, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. असा वर्ग पहिल्या वर्षी चार बोटींचा असेल, जुना वर्ग त्या चार बोटींनी कमी होईल आणि दहा वर्षांनी दोन्ही रिकामे दिसतील. त्यापेक्षा लहान फोर-स्ट्रोकला आजच्याच वर्गात, मोठे घनफळ आणि वेगळे किमान वजन देऊन, टू-स्ट्रोकच्या शेजारी सोडावे. ट्रान्समची उंची आणि इंजिन मागे सरकवण्याची मर्यादा त्यासाठी थोडी सैल करावी लागेल. सुरुवातीला चकती टू-स्ट्रोकच्या अंगावर पडणार नाही इतपतच फोर-स्ट्रोकला सवलत द्यावी आणि पुढची पाच वर्षे ती कशी बदलू शकते याचा कोष्टक आत्ताच जाहीर करावा, म्हणजे आज जुना ब्लॉक दुरुस्त करणाऱ्याला आणि उद्या नवे इंजिन घेणाऱ्याला आपला पैसा किती मोसम चालेल हे आधी कळेल. पोर्टच्या मापांचा तक्ता बनवण्याचे काम तर त्याच्याही आधी, येत्या हिवाळ्यात, जुनी इंजिने अजून उघडून मोजता येतात तोवर उरकले पाहिजे. प्रत्येक क्लबाने आपल्याकडच्या दोन-तीन न घासलेल्या ब्लॉकची मापे घेऊन एकमेकांना दिली तरी तो तक्ता तयार होईल.